बाणाची पिसे बांधण्यासाठी धाग्याची निवड : आल्प्समधील ताम्रपाषाणयुगीन पुराव्याच्या संदर्भात

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात बाणाचा विचार प्रामुख्याने त्याच्या अग्राच्या आधारे केला जातो. दगड आणि धातू टिकतात. काडी, पिसे व धागा कुजून नष्ट होतात. त्यामुळे संग्रहालयांत अग्रांच्या रांगा दिसतात, परंतु बाणाला स्थिर दिशा देणारी पिसे कशाने बांधली जात, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. इ. स. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर हजारो बाण मिळाले. तेथेही पिसांच्या जागी असलेल्या ताम्रयुक्त मेणाच्या थरात अनेकदा धाग्याच्या वेढ्यांचे ठसे तेवढे उरले आहेत.

या पार्श्वभूमीवर ‘ओत्झी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिममानवाचा भाता अपवादात्मक महत्त्वाचा ठरतो. १९ सप्टेंबर १९९१ रोजी इटली-ऑस्ट्रिया सीमेवर, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर हे शरीर सापडले. त्याचा काळ इ. स. पू. ३३०० च्या आसपासचा मानला जातो. भात्यातील चौदा काड्यांपैकी दोनच बाण पूर्ण होते. त्यांवर प्रत्येकी तीन पिसे भूर्जाच्या सालीपासून काढलेल्या डांबराने चिकटवून नेटलच्या बारीक धाग्याने बांधलेली होती. नेटल म्हणजे स्पर्श होताच अंगाची आग करणारी युरोपीय वनस्पती. अंबाडी किंवा तागाप्रमाणेच तिच्या खोडाच्या सालीतून तंतू निघतो.

विशेष म्हणजे याच भात्यात प्राण्यांचे स्नायुतंतूही होते. त्यातील सुमारे दोन मीटर लांबीची दोरी पूर्वी झाडाच्या सालीची समजली जात असे; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती प्राणिज तंतूंची असल्याचे दाखविले आणि ती धनुष्याची प्रत्यंचा असावी, असे मत मांडले. म्हणजे दोन्ही प्रकारचे तंतू एकाच माणसाजवळ होते. प्रत्यंचेसाठी स्नायू आणि पिसांसाठी वनस्पतीचा धागा, ही विभागणी केवळ योगायोगाची वाटत नाही.

स्नायुतंतू ओला करून गुंडाळला की सुकताना आकसतो व स्वतःच चिकटतो. धनुर्वेदविषयक संस्कृत ग्रंथांतही पिसे स्नायुतंतूंनी बांधण्याचा निर्देश आढळतो. मात्र ओल लागली की हा तंतू सैल पडतो. शिवाय त्याचा एकेक धागा आखूड असतो. पिसाच्या पूर्ण लांबीवर सर्पिल वेढे द्यायचे तर सलग धागा हवा. पिळून हवा तेवढा लांब करता येणारा वनस्पतीचा धागा येथे सोयीचा पडतो. प्रत्येक वेढा पिसाचे केस अलग करून त्यांच्या मधून न्यावा लागतो. धागा जाड असेल तर केस मोडतात आणि बाणाचे मागचे टोक जड होऊन त्याचा तोल बदलतो. नुसत्या बळकटीचाच निकष असता तर प्रत्यंचेचा तंतू येथेही चालला असता. पण बर्फाळ, दमट प्रदेशात बारीकपणा, लांबी आणि ओल सोसण्याची क्षमता यांना अधिक महत्त्व असणार. भूर्जाचे डांबर पाणी रोखते, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल.

उरलेल्या बारा काड्यांना पिसे लावलेली नव्हती, तसेच यू वृक्षाच्या लाकडाचे धनुष्यही अपूर्ण होते. पूर्ण झालेले दोन्ही बाण मोडलेल्या अवस्थेत मिळाले.