विठ्ठल, मास्टर

विठ्ठल, मास्टर : (१९०६–१९६९). मूकपटयुगातील मराठी साहसपट-नायक व चित्रपट-दिग्दर्शक. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या (पहा : पेंटर, बाबूराव) ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटातून पडद्यावर पदार्पण. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या मारधाडपटांत नायक म्हणून अमाप लोकप्रियता मिळाली. तलवारबाजी, घोडदौड व अंगचापल्य ही त्यांच्या भूमिकांची वैशिष्ट्ये. अमेरिकी नट डग्लस फेअरबँक्सशी त्यांची तुलना होत असे.

‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक. त्यासाठी शारदा कंपनी सोडल्यावर करारभंगाचा दावा झाला. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली व ते दावा जिंकले. हिंदुस्थानी उच्चारांच्या अडचणीमुळे या बोलपटात त्यांना संवाद मात्र थोडेच मिळाले. बोलपटयुगात मूकपटातले स्थान त्यांना हिंदीत राखता आले नाही. मराठी ऐतिहासिक चित्रपटांत ते दीर्घकाळ टिकले. शाहू मोडक यांच्या दुहेरी भूमिकेचा ‘आवारा शहजादा’ (१९३३) त्यांनी दिग्दर्शित केला. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्येही (१९३९) त्यांनी भूमिका केली (पहा : पेंढारकर, भालजी).