गिरणीचे फाटक ते मॉलचे प्रवेशद्वार : गिरणगावाच्या पुनर्विकासातील पादचारी

प्रस्तावना

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास प्रामुख्याने भांडवल, कामगार चळवळ आणि जमीन या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. या परिसरात रोज पायी चालणाऱ्या माणसाचा विचार त्या मानाने कमी झाला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये उभी राहताना पादचाऱ्याच्या सुरक्षित वाटेचे काय झाले, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

१. गिरणीकाळातील वर्दळ

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीपासून मुंबईतील कापड गिरण्यांचा प्रारंभ मानला जातो. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या भागांत गिरण्या आणि त्यांच्या आश्रयाने चाळी वाढल्या. बहुसंख्य कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत. भोंगा होऊन पाळी सुटली की हजारो माणसे एकाच वेळी रस्त्यावर येत; परंतु ही गर्दी थोड्याच अंतरात आसपासच्या गल्ल्यांत आणि चाळींत विखुरली जाई.

गिरणीची उंच भिंत आणि मोजकी फाटके ही वाहतुकीच्या सोयीसाठी नव्हती. मालाचे रक्षण आणि कामगारांवर नियंत्रण हा त्यांचा हेतू होता. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२. जमिनीची वाटणी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि जमिनीचे मोल उत्पादनापेक्षा अधिक ठरू लागले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार पुनर्विकासास निघणाऱ्या गिरणी-जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी आणि तेवढाच भाग सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मिळणे अपेक्षित होते. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सुटे भूखंड एकत्रितपणे आखण्याचा विचार मांडला.

तथापि, २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मूळच्या रिकाम्या जमिनीपुरती सीमित केली. २००५ साली उच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या विरोधकांच्या बाजूने कौल दिला. मात्र ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. या वादाची चर्चा उद्याने आणि घरे यांच्या संदर्भात पुष्कळ झाली. स्थानकाकडे जाणाऱ्या रुंद पादचारी मार्गांसाठी उपयोगी पडू शकली असती अशी सलग जागाही त्याबरोबर हातची गेली, हे मात्र दुर्लक्षित राहिले.

३. प्रवाहाची बदललेली दिशा

१९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात १९९० च्या दशकाअखेरीपासून करमणूक आणि खरेदीची केंद्रे उभी राहू लागली. आसपासच्या गिरण्यांतही कार्यालये आली. येथे येणारा नवा माणूस चाळीतून येत नव्हता. तो उपनगरातून रेल्वेने येत होता. त्यामुळे पूर्वी गल्ल्यांत विखुरणारी गर्दी आता स्थानकाच्या जिन्यांवर एकवटू लागली. भूखंडांच्या जुन्या सीमा आणि मोजकी प्रवेशद्वारे बहुतांशी कायम राहिल्याने सार्वजनिक आरपार वाटा निर्माण झाल्या नाहीत.

आधुनिक मॉलची मूळ कल्पनाच पादचाऱ्याला मोटारीपासून वेगळे करण्याची आहे. व्हिक्टर ग्रुएन यांनी अमेरिकेतील इडाइना येथे उभारलेल्या आणि १९५६ साली खुल्या झालेल्या साउथडेल केंद्रात ती स्पष्ट दिसते. परंतु तेथील ग्राहक मोटारीने येत असे. मुंबईत पायी येणाऱ्या माणसाला आत सुरक्षितता लाभली. बाहेर त्याची गाठ वाहनांच्या रांगांशी आणि अरुंद पदपथाशी पडली.

नियमांतही हीच मर्यादा आढळते. राष्ट्रीय इमारत संहिता दुकानांच्या तळमजल्यावर दर ३ चौरस मीटरला आणि वरच्या विक्री-मजल्यांवर दर ६ चौरस मीटरला एक व्यक्ती गृहीत धरून बाहेर पडण्याच्या मार्गांचा हिशेब करते. हा हिशेब इमारतीबाहेरील मोकळ्या जागेपर्यंत पोचून थांबतो.

४. २०१७ चा धडा

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस पडत असताना एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. पादचारी नियोजनाचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी दाखवले आहे, की दर चौरस मीटरला सुमारे ७ माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते आणि व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही. अशा वेळी गर्दीच्या बेशिस्तीला दोष देणे अपुरे ठरते. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ रोजी, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जण दगावले. पहिली घटना आवाराबाहेरची, दुसरी आतली. सुटकेच्या वाटेचा प्रश्न मात्र दोन्हींत समान होता.

निष्कर्ष

गिरणगावात इमारतींचा पुनर्विकास झाला. वाटांचा झाला नाही. स्थानक रेल्वेचे, रस्ता महापालिकेचा आणि आवार मालकाचे, या विभागणीत पादचाऱ्याचा संपूर्ण प्रवास कोणाच्याच जबाबदारीत आला नाही. म्हणून मॉलच्या पुनर्विकासाला परवानगी देताना पादचाऱ्यांची मोजणी स्थानकाच्या जिन्यापासून व्हावी, आवारातून सार्वजनिक आरपार वाट राखली जावी, वाहनांचे प्रवेशमार्ग पदपथाला छेदू नयेत आणि मोकळी जागा शक्यतो स्थानकाच्या बाजूस सोडली जावी. गिरणीची भिंत कामगाराला आत ठेवण्यासाठी बांधली गेली होती. तो हेतू संपल्यावरही तिच्याच आखणीने आजच्या पादचाऱ्याची वाट ठरावी, हे इतिहासाचे ओझे नियोजनाने आता उतरवावयास हवे.