अर्धी राहिलेली म्हण

दिवाळीला ताईकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, मोठी माणसं जागा मिळेल तिथे लवंडली आणि भाचेबुवा चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन सिनेमा बघायला बसले. 'जॉन विक'चा तिसरा भाग, २०१९ साली आलेला. त्याच्या नावाला एक शेपूट आहे, 'पॅराबेलम'.

"मामा, पॅराबेलम म्हणजे काय रे? पॅराशूटवाल्यांचं काही असतं का?"

"लॅटिन आहे ते," मी उगाचच रुबाबात सांगितलं, "आणि एका गोळीचं नावही आहे. नाइन एम एम पॅराबेलम."

दिवाणावर डोळे मिटून पडलेली आई तशीच म्हणाली, "नाइन एम एम? ती तर अण्णांची गोळी."

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. (नातेवाईक मंडळींना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो.) खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. रोज दापोडीहून सायकलवर निघायचे, हॅरिस पूल ओलांडायचे आणि भोंगा व्हायच्या आत गेटवर हजर. काम तपासणी खात्यात. तयार काडतुसं मापात आहेत की नाहीत हे बघायचं, मापात नसेल ते बाजूला काढायचं. त्यातली बरीचशी नऊ मिलिमीटरची असत. कार्बाइनमध्ये आणि पिस्तुलात चालणारी. आमच्या घरात त्यांना काडतूस वगैरे कुणी म्हणत नसे, 'नाइन एम एम' एवढंच. पण त्या गोळीचं मूळचं नाव पॅराबेलम आहे हे अण्णांना माहीत असेल असं मला वाटत नाही. मलाही ते पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हापासून या शब्दाची गोष्ट लिहायची डोक्यात होती. भाच्याने निमित्त दिलं.

तर मूळ म्हण अशी, 'सी वीस पाकेम, पारा बेल्लुम'. शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी कर. 'पारा' म्हणजे तयारी कर आणि 'बेल्लुम' म्हणजे युद्ध. हे दोन शब्द चिकटवले की झालं पॅराबेलम.

ही म्हण ज्याच्या नावावर खपते तो वेगेशियस नावाचा रोमन लेखक. गंमत म्हणजे या नेमक्या शब्दांत त्याने ती लिहिलेलीच नाही! त्याचं वाक्य जरा लांब आहे. लोकांच्या तोंडी घासून घासून ते गुळगुळीत झालं आणि म्हणून उरलं. म्हणींचं असंच होतं म्हणा.

हा वेगेशियस काही सेनापती नव्हता. घोड्या-खेचरांच्या आजारांवरही त्याचा एक ग्रंथ आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या पूर्वार्धात त्याने लष्करी विद्येचं एक सारसंग्रहासारखं पुस्तक लिहून बादशहाला अर्पण केलं. काळ कसा होता बघा. ३७८ साली एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ लोकांनी रोमन फौज कापून काढली होती. खुद्द सम्राट व्हालेन्स मारला गेला होता. साम्राज्य आता परक्या भाडोत्री सैनिकांवर विसंबू लागलं होतं. अशा वेळी हा गृहस्थ जुनी पुस्तकं धुंडाळून सांगत होता की आपले पूर्वज असं करत नसत.

आणि 'युद्धाची तयारी' म्हणजे त्याच्या लेखी काय? पुस्तकाच्या तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत ते वाक्य येतं, आणि त्याला लागूनच तो म्हणतो की ज्याला विजय हवा त्याने सैनिकांना कसून शिकवावं, ज्याला चांगला शेवट हवा त्याने नशिबावर नव्हे, तर कौशल्यावर लढावं. पहिला भाग तर सगळा नव्या भरतीच्या शिक्षणावरच आहे. उन्हाळ्याच्या पाच तासांत वीस रोमन मैल चालायचं, पोहायला शिकायचं. जमिनीत रोवलेल्या खांबावर लाकडी तलवारीने घाव घालायचा सराव करायचा, आणि ती लाकडी तलवार खऱ्या तलवारीच्या दुप्पट वजनाची असली पाहिजे. थोडक्यात, तयारी म्हणजे माणसांची तयारी. शस्त्रांचे ढीग रचण्यापेक्षा त्याचा भर घामावर होता.

त्याचा दुसरा मुद्दा असा, की लढलं तर आपणच हरू हे दिसत असताना कुणी आगळीक करत नाही. 'दिसत असताना' हे महत्त्वाचं. त्याकडे मी पुन्हा येतो.

रोम काही त्या पुस्तकाने वाचलं नाही. पुस्तक मात्र वाचलं! मध्ययुगात युरोपभर त्याच्या हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्टीन द पिझां या विदुषीने फ्रेंचमध्ये युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्यात वेगेशियस भरपूर आहे. (त्या काळी एका बाईने असा विषय घ्यावा, हाही एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) १४८९ मध्ये कॅक्स्टनने तो इंग्रजीत छापला. जानेवारी १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे केलेल्या भाषणात हाच विचार आहे, की युद्धाला तयार असणं हा शांतता राखण्याचा एक प्रभावी उपाय आहे. इथपर्यंत म्हणीचे दोन्ही भाग शाबूत होते.

मग ती बर्लिनला पोचली.

बर्लिनमध्ये शस्त्रं आणि काडतुसं बनवणारी एक बडी कंपनी होती, डीडब्ल्यूएम. तिने ही म्हण आपलं बोधवाक्य केली आणि तिचा तारेचा पत्ता होता 'पॅराबेलम'. तारेत शब्दागणिक पैसे, त्यामुळे पत्ता आखूड हवा हे ओघाने आलंच. त्याच कंपनीत गेओर्ग लुगर नावाचा ऑस्ट्रियन माणूस काम करत होता. त्याने बनवलेलं पिस्तूल १९०० साली स्विस सैन्याने स्वीकारलं, आणि तेही पॅराबेलम याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. पुढे त्याने त्यासाठी नऊ मिलिमीटरचं काडतूस तयार केलं. जर्मन आरमाराने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये ते पिस्तूल घेतलं.

दीड हजार वर्षं जोडीने चाललेल्या म्हणीचे असे दोन तुकडे झाले. 'युद्धाची तयारी' पिस्तुलावर आणि काडतुसावर गेली. 'शांतता हवी असेल तर' मागेच राहिलं.

पुढची गंमत (गंमत म्हणवत नाही, पण असो) अशी की गोळी एका बाजूची राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९४१ मध्ये घाईघाईने स्टेन गन आणली, ती याच जर्मन काडतुसावर चालणारी. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच मापाची गोळी सुटत होती! ब्रिटिशांमागून ती आपल्याकडेही आली. आधी स्टेन, मग कानपूरला बनणारी कार्बाइन आणि इशापूरला बनणारं पिस्तूल. खडकीची फॅक्टरी तर १८६९ पासूनची. तिथल्या नाइन एम एमच्या पितळी बुडावर 'के एफ' ही अक्षरं उठवलेली असत, म्हणजे किरकी फॅक्टरी. ती अक्षरं नीट उठली आहेत ना, हे बघणाऱ्या अनेक डोळ्यांपैकी दोन आमच्या अण्णांचे.

आता सिनेमाकडे वळतो, नाहीतर भाचा म्हणेल मामा भरकटला.

या म्हणीवरचा मला सर्वांत आवडणारा सिनेमा 'जॉन विक' नव्हे, तर १९६४ सालचा स्टॅन्ली कुब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'. अमेरिकेच्या अणुबॉम्बर विमानांच्या दलाचं खरोखरीचं ब्रीद होतं, 'शांतता हाच आमचा व्यवसाय'. सिनेमात त्या वाक्याची पाटी हवाई तळावर लावलेली आहे आणि त्या पाटीसमोर अमेरिकन सैनिकच एकमेकांवर गोळ्या झाडताहेत. पुढे कळतं की रशियनांनी एक सर्वनाशी यंत्र बनवून ठेवलंय. हल्ला झाला की ते आपोआप सुरू होणार आणि जग संपणार. पण ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलंच नाही! पुढच्या सोमवारी जाहीर करणार होते म्हणे. आपण हसतो खरं, पण वेगेशियसचा तो 'दिसत असताना'चा मुद्दा याहून चांगला कुणी समजावून दिल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकनांनी शस्त्रांच्या नावातून शांतता गाळली नाही, उलट मुद्दाम घातली. १८७३ सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचं लाडकं नाव 'पीसमेकर'. १९८६ पासून तैनात असलेल्या आणि २००५ मध्ये निवृत्त झालेल्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचं नाव 'पीसकीपर'. जर्मनांनी शांतता शब्दातून काढली, यांनी ती पोलादावर चिकटवली. कुठलं जास्त प्रामाणिक, तुम्हीच ठरवा.

आणि जॉन विक? २०१४ च्या पहिल्या भागात त्याने हा धंदा सोडलेला असतो. बायको गेलेली असते आणि तिने मागे ठेवलेलं कुत्र्याचं पिल्लू घेऊन त्याला गप्प राहायचं असतं. पिल्लू मारलं जातं. मग तो तळघरात जाऊन घणाने काँक्रीटची जमीन फोडतो, आणि खाली पुरलेली शस्त्रं वर काढतो. मारामाऱ्या विसरलो, पण तो घण लक्षात राहिला. शांततेत राहू पाहणाऱ्या माणसाच्या पायाखाली युद्धाची तयारी जय्यत होती. त्याने शांतता आली का? तिसऱ्या भागापर्यंत तर आख्खं शहर त्याच्या मागे लागलेलं असतं. म्हणीवरची शंकाच ती.

ही शंका जुनी आहे. १९१५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड युद्ध आणि मृत्यू यांवर एक निबंध लिहीत होते. त्यांचे मुलगे सैन्यात होते. निबंधाच्या शेवटी ते हीच म्हण आठवतात आणि म्हणतात, आता ती बदलून घ्यायला हवी, जगायचं असेल तर मरणाची तयारी ठेव.

दुसरा बदल मला अधिक जवळचा वाटतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. जिनिव्हातल्या तिच्या पहिल्या इमारतीच्या पायाच्या दगडाखाली एक कागद ठेवला होता. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं, 'सी वीस पाकेम, कोले युस्तितियाम'. शांतता हवी असेल तर न्यायाची जोपासना कर. या संघटनेची पहिली परिषद १९१९ सालीच वॉशिंग्टनला झाली, आणि तिथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते आपले ना. म. जोशी. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, हा पहिला करार तिथे झाला. हिंदुस्थानासाठी मात्र आठवड्याला साठ तास अशी वेगळी सोय करण्यात आली! आपल्याकडे अठ्ठेचाळीस तास आले ते १९४६ मध्ये, कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने. त्यापेक्षा जास्त काम केलं तर दुप्पट दराने पैसे, हेही कायद्यात आलं.

हे वाचताना मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी अण्णा घरी फक्त झोपायला यायचे. ओव्हरटाइम चालू असे. ७१ च्या ओव्हरटाइममधून आत्याचं लग्न झालं, हे आमच्याकडे कौतुकाने सांगतात. बर्लिनच्या म्हणीने काम दिलं आणि जिनिव्हाच्या म्हणीने त्याचे दुप्पट पैसे. दोन्ही एकाच पगाराच्या पाकिटातून दापोडीला आल्या, आणि त्यावर आम्ही वाढलो. मी कुठली म्हण खरी म्हणू?

मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा रात्री सगळे जेवायला बसलेले असताना मी विचारलं, "अण्णा, तुमच्या गोळ्यांनी किती माणसं मेली?" पाटावर एकदम शांतता. आजी माझ्यावर खेकसली. अण्णा म्हणाले, "ते आपल्याला कळत नाही बाळा," आणि ताक मागितलं.

मला वाटलं विषय संपला. पण दोन-तीन दिवसांनी सायकलच्या चेनला तेल घालता घालता ते आपणहून म्हणाले, "गोळीलाही वय असतं. वापरली नाही तर काही वर्षांनी काढून टाकतात, नाश करतात. माझ्या हातच्या पेट्या तशा गेल्या असतील ना, तर मला बरं वाटेल."

नीट बनवायची, आणि मग ती पडून जुनी होवो म्हणायचं. वेगेशियस त्यांनी वाचला नव्हता, पण म्हणीचा बर्लिनमध्ये गळलेला अर्धा भाग त्या संध्याकाळी आमच्या अंगणात होता. सगळ्याच पेट्या तशा गेल्या नसणार, हे त्यांनाही माहीत असावं. म्हणून तर दोन-तीन दिवस लागले.

असो. भाच्याला यातलं निम्मंही सांगितलं नाही. सिनेमा थांबवून तो ऐकत होता हेच पुष्कळ.

"म्हणजे नाव अर्धंच आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"मग उरलेलं अर्धं काय?"

आईने डोळे न उघडताच सांगितलं, "आवाज कमी कर, हे."