बोअर महिन्याची, रस्ता शंभर वर्षांचा

मंडळी, आपल्या वडीगोद्रीच्या शिवारात कोळसा नाही. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. तरी आज कोळशाच्या खाणीवर लिहितोय. कारण विषय कोळशाचा कमी अन् रस्त्याचा जास्त आहे. महामार्गाचं चौपदरीकरण आपण बघितलंय, जायकवाडीचा कालवा आपल्या बापजाद्यांनी बघितलाय. "फक्त मोजणी आहे, काही होत नाही" हे वाक्य आपल्याला नवं नाही.

आधी वरोऱ्याला जाऊ. जिल्हा तेव्हाचा चांदा, आताचा चंद्रपूर. नागपूरला रेल्वे 1867 ला पोचली. गाडीच्या इंजिनाला कोळसा पाहिजे, तो वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे असं कळलं. बोअर घेतल्या गेल्या, 1870 च्या दशकात सरकारनंच वरोऱ्याला खाण काढली आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले. त्या मार्गाचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. भूगर्भ खात्याच्या ह्यूज साहेबांनी 1877 ला या कोळसापट्ट्यावर आख्खा ग्रंथ लिहिला.

1906 ला ती खाण बंद पडली. रूळ मात्र राहिले. पुढं ते बल्लारपूरकडं वाढले आणि आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या त्याच वाटेनं धावतात. म्हणजे खाण एका पिढीत संपली, तिच्यासाठी केलेली वाट दीडशे वर्षं झाली तरी आहे.

आता वायूचं बघा. कोळशाच्या थरात मिथेन अडकलेला असतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. 1958 च्या फेब्रुवारीत आसनसोलजवळच्या चिनाकुरी खाणीत स्फोट झाला, पावणेदोनशेच्या आसपास मजूर गेले. म्हणून हा वायू आधीच ओढून काढायची पद्धत आली. जर्मनीच्या रूर भागात 1943 ला ती पहिल्यांदा नीट जमली. आपल्या देशात धनबादजवळच्या मुनिडीह खाणीत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं प्रयोग झाला. निघालेल्या वायूवर जनरेटर चालले, वसाहतीला वीज मिळाली. काम चांगलंच आहे. मजुराचा जीव वाचतो, वीज मिळते, आणि हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोरदार असलेला वायू मोकळा सुटत नाही.

पण हा वायू जमिनीवरून काढायचा तर बोअर कुणाच्या तरी वावरातच पडणार. "माझंच वावर का?" याचं उत्तर जमिनीखाली असतं. खाली कोळसा कोणत्या पट्ट्यात काढणार त्यावर बोअरची जागा ठरते. कोळसा काढला की छत खाली बसतं आणि त्या पोकळीत वायू साठतो, बोअर नेमकी तिथंच लागते. मशिन आपल्या पाण्याच्या बोअरच्या गाडीपेक्षा अवजड. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी रुतते, तिथं हे धूड कसं जाणार? म्हणून मुरूम-खडीचा रस्ता, सपाट केलेली जागा, चिखलपाण्याचा खड्डा, मागनं पाइपलाइन.

खरी मेख इथं आहे. बोअरची जागा फार हलवता येत नाही, रस्ता मात्र हलवता येतो. तो बांधाच्या कडेनं नेता येतो, नाल्यावर नळ्या टाकून पाणी वाहतं ठेवता येतं, जुन्या पाणंदीचा वापर करता येतो. आता तिरपी बोअर घेता येते, त्यामुळं एकाच जागेवरून अनेक बोअरी होतात आणि बाकीची वावरं वाचतात. पण हे सगळं नकाशा पक्का व्हायच्या आधी बोलावं लागतं. भराव पडल्यावर कुणी ऐकत नाही. वरचं पाणी तुंबलं की एका रस्त्यापायी दहा जणांची कपाशी पिवळी पडते.

कायदा काय म्हणतो? कोळसा शोधण्यासाठी 1957 चा कोळसा क्षेत्र संपादन कायदा आहे. कलम 4 ची अधिसूचना निघाली की अधिकारी वावरात शिरू शकतात, बोअर घेऊ शकतात, गरज पडली तर उभं पीकही कापू शकतात. त्या नुकसानीची भरपाई कलम 6 खाली मिळते. पुढं कलम 7 ची अधिसूचना आली की समजायचं, आता जमीनच घ्यायचा विचार आहे. हरकतीला 30 दिवस असतात. आपला शेतकरी जागा होतो तो बहुतेक वेळा हे 30 दिवस उलटल्यावर.

आपल्याकडं खाण येणार नाही, पण रस्ता, टॉवर, पाइपलाइन काही ना काही येतच राहणार. तेव्हा मोजणीवाला बांधावर दिसला की चार गोष्टी विचारा: कोणत्या कायद्याखाली, कोणतं कलम, रस्ता किती दिवसांसाठी, आणि काम संपल्यावर मुरूम कोण उचलणार? उत्तर लेखी मागा. विकासाला आडवं जायचं नाही. पण "तात्पुरता" हा शब्द कागदावर तारखेसकट असला पाहिजे.

आपल्या शिवारात असा 'तात्पुरता' रस्ता अजून कुठं कुठं उरलाय? कमेंटमध्ये गट नंबर नको, फक्त गावाचं नाव लिहा.