चंद्रमतीचा शोक

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम् हे स्थानक लागते. याच तालुक्यातील मेलट्टूर गावी, नृसिंहजयंतीच्या सुमारास, वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर भागवतमेळ्याची नाटके रात्र रात्र चालतात. मुलूख तमिळ, नाटकांची भाषा तेलुगु, आणि वेंकटराम शास्त्र्यांनी ती रचली त्या काळी राज्य मराठ्यांचे! आरंभी कोणंगी नावाचा विदूषक नाचून जातो आणि मागोमाग गजमुख धारण केलेला बालगणपती येतो. भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीच्या रंगभूमीवरही विदूषक आणि गणपती होतेच. तेव्हा मराठी माणसाला येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

शास्त्रीबुवांचे प्रह्लादचरित्र अधिक गाजले. पण आम्हांस त्यांचे हरिश्चंद्र विचारात पाडते. आपली तारामती ती येथली चंद्रमती, आपला रोहिदास तो येथला लोहित. सर्पदंशाने मेलेले मूल मांडीवर घेऊन ती स्मशानात बसते. कोणत्याही मातेचे भान येथेच सुटावे.

आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणताना त्यास ‘विकारविलसित’ (१८८३) हे नाव दिले. ते भाषांतर त्यांनी हाती घेतले १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात; आणि तुरुंग घडला तो कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना वेडे ठरविले जात असल्याच्या प्रकरणात. वेडाचे नाटक त्यांनी केवळ साहित्यिक हौसेने निवडले असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्या नाटकात ऑफेलियाचा बाप मारला जातो आणि तिचे चित्त भ्रमते. कवीने तिच्यावर ही एक प्रकारची कृपाच केली आहे. आपण काय गमावले, हे तिला यापुढे कळावयाचे नाही.

चंद्रमतीवर ती कृपा होत नाही. तिला शुद्धीवर राहून हिशेब द्यावा लागतो. स्मशानाचा रखवालदार तिचा पतीच आहे. तो दहनाचे शुल्क मागतो. तमिळ मुलखात प्रचलित असलेल्या कथेत तो सांगतो की, प्रेताच्या मुखी घालावयाचे तांदूळ माझ्या वाट्याचे आहेत, ते मी सोडतो. पण पैसा आणि वस्त्र धन्याचे, ते सोडण्याचा मला अधिकार नाही. सरकारी चाकरीत केस पिकलेल्या आमच्या वाचकांस हा भेद समजावून सांगावयास नको. राजा निर्दय नाही. आपला अधिकार कोठवर आहे हे तो जाणतो, इतकेच. मुलाची ओळख पटल्यावरही त्याचे उत्तर बदलत नाही.

मार्कंडेयपुराणात राणीचे नाव शैब्या. तेथे दोघेही पुत्राच्या चितेत उडी घेण्याचे ठरवितात. म्हणजे पुराणकाराने त्यांना मृत्यूची तरी वाट ठेवली. दक्षिणेच्या कथेने तीही बंद केली. चंद्रमती शुल्कासाठी धन्याच्या घरी निघते, वाटेत तिच्यावर बालहत्येचा आळ येतो, आणि तिचा शिरच्छेद करण्याचे काम पतीकडेच येते.

मेलट्टूरला स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले आहेत, जसे फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटात साळुंके तारामती झाले. तेथला शोक रागतालात बांधलेला असतो. हुंदक्यालाही सम गाठावी लागते. बांधलेला म्हणूनच तो आम्हांस अधिक असह्य वाटतो.

तलवार उगारली जाते, देव प्रकट होतात, लोहित उठून बसतो. स्मशानाचे शुल्क मात्र देण्याचे राहून जाते.