कन्या प्रशालेची कुळकथा

परभणी जिल्ह्यात मुलीची सातवी झाली की घरात पहिला प्रश्न निघतो: पुढची शाळा फक्त मुलींची आहे का? तशी असेल तर तिचं पुढे जाणं सोपं होतं.

या प्रश्नाचं मूळ जुनं आहे. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलांच्या शाळेत लेक पाठवायला आईबापच तयार नव्हते. १८८२ साली शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका तयार करण्याचा आग्रह धरला, तोही याच अडचणीपायी. वेगळी शाळा ही मुलीला उंबऱ्याबाहेर काढण्याची युक्ती होती.

१८८४ साली पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली आणि वाद वेगळ्याच गोष्टीवर पेटला. अकरा ते पाच शाळा आणि वर इंग्रजी! मग मुलींनी घरकाम शिकायचं कधी, असा टिळकांच्या ‘केसरी’चा रोख होता. तिथून अभ्यासक्रमाची भिंत उभी राहिली. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून शिकवलं. हे मोठंच काम. पण स्त्रियांचा अभ्यास निराळा, ही समजूतही त्याबरोबर पक्की झाली. कित्येक कन्याशाळांत शिवण आणि गृहशास्त्र आलं, विज्ञानाची प्रयोगशाळा मागे पडली. माझ्या मते मुलींच्या शाळेचा खरा तोटा हाच. १९६०च्या दशकात हंसाबेन मेहता समितीने अभ्यासक्रमात असा भेद नको म्हटलं, प्राथमिक वर्गांत सहशिक्षणाची शिफारस केली.

परभणीला हे सारं उशिरा पोचलं. १९४८पर्यंत निजामी राज्य, वरचं शिक्षण उर्दूतून. मराठी घरातल्या मुलीपुढे दुहेरी अडसर: मुलगी असण्याचा आणि भाषेचा. पुढे जिल्हा परिषदेच्या कन्या प्रशाला आल्या आणि २००४च्या योजनेतून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं. ही निवासी आहेत. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, तरी मुलीला फडावर जावं लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

मुलगे-मुली एकत्र शिकली तर परस्परांशी मोकळेपणाने, बरोबरीने वागायला शिकतात, हे मला पटतं. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीतल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशा जिल्ह्यात मुलीला शाळेत टिकवणारी कन्या प्रशाला बंद करण्याची घाई नको. तिथे आधी गणित-विज्ञानाचे शिक्षक आणि चालू प्रयोगशाळा द्या.