शेवटचं कडवं कुणी खाल्लं?

चौदा एप्रिलला आपल्या धाराशिव जिल्ह्यात ज्या गाण्यांवर पोरं नाचतात, त्यातली कैक कुणाची? विचारा. गायकाचं नाव सांगतील. लिहिणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

वामनदादा कर्डक. जन्म 1922, देशवंडी, तालुका सिन्नर. (जलसेवाले भीमराव कर्डक वेगळे, गल्लत नको.) शाळा नाही. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झाली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्कं केलं. 1943 साली पहिलं गाणं रचलं, हिंदी सिनेमाच्या चालीवर. नाक मुरडणारे मुरडोत! चाल आधीच ओठांवर असली की शब्द तेवढे शिकायचे राहतात. अडाणी बाईसुद्धा रात्रीत गाणं उचलते. 1941 साली बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले. वाचता येणारे किती होते? विचार कानानंच जाणार. दादांचं 'वाटचाल' पुस्तक छापलं 1973 साली. गाणी त्याआधीच गावोगाव पोचलेली.

प्रल्हाद शिंदेंसारख्यांनी ती गायली. पुढं कॅसेटा निघाल्या. शेवटच्या कडव्यात दादा 'वामन' गोवायचे, चोखोबानं अभंगात आपलं नाव ठेवलं तसं. पण गाणं लांबतं म्हणून नेमकं तेच कडवं गाळतात. नाव गेलं, ढाचा राहिला. धृपद, चार कडवी, रोजच्या बोलीतला टोला. आजचा डीजेवरचा गीतकार तोच ढाचा वापरतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

दादा 15 मे 2004 ला गेले. आजीच्या पेटीत हातानं उतरवलेली गाण्यांची वही असेल तर काढा. शेवटचं कडवं आहे का, तेवढं बघा.